‘तिलावा’ची चांदी कुणाची? वर्गात घेतलेलं एक प्रकरण

८ मे २०२४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं चांदीच्या २,३६४ लगडींबद्दलच्या एका खटल्याचा निकाल दिला. या लगडी नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘तिलावा’ या बोटीतून मुंबईहून निघाल्या होत्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीत जायच्या होत्या. त्या पोचल्या नाहीत. २०१७ मध्ये एका खासगी कंपनीनं त्या वर काढेपर्यंत हिंदी महासागरात अडीच किलोमीटर खोल पडून राहिल्या.

सांगलीत वाणिज्य शाखेच्या मुलांना व्यापारी कायदा शिकवताना सागरी बचावाचा, म्हणजे धोक्यातलं जहाज किंवा माल वाचवणाऱ्याच्या हक्कांचा, भाग येतो, तेव्हा हल्ली मी हेच प्रकरण घेतो. वर्गातली बरीच मुलं मार्केट यार्डाशी या ना त्या नात्यानं जोडलेली. कुणाच्या घरी हळदीची अडत, कुणाकडे गुळाची, तासगावकडच्यांचे बेदाणे. समुद्र त्यांनी पाहिला तो बहुतेक गणपतीपुळ्याच्या सहलीतच. पण माल बुडाला तर कुणाचा बुडाला आणि दुसऱ्यानं वर काढला तर कुणाचा झाला, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. ते थेट भांडायलाच लागतात.

बोट आणि ती रात्र

‘तिलावा’ ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची उतारू आणि माल अशी दोन्ही वाहतूक करणारी बोट. १९२४ मध्ये इंग्लंडात टाइन नदीकाठच्या हॉथॉर्न लेस्लीच्या कारखान्यात बांधलेली, १०,००६ टनांची. २० नोव्हेंबर १९४२ ला तिनं मुंबई सोडली. पुढचे मुक्काम मोंबासा, आजचं मापुतो आणि शेवटी दरबान. बोटीवर ७३२ उतारू, २२२ खलाशी आणि कर्मचारी, शिवाय चार तोफची. हे चार तोफची लक्षात ठेवायचे, त्यांचं काम पुढे आहे. पोटात ६,४७२ टन माल, त्यातली सुमारे ६० टन चांदी.

उतारूंत मोठा भाग पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत दुकानं, नोकऱ्या, नातेवाईक असलेल्या भारतीय कुटुंबांचा होता, त्यातही गुजराती जास्त. युद्ध ऐन भरात असताना बायकामुलांना घेऊन माणसं समुद्रावर का निघाली, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. दुसरा रस्ता नव्हता, हे उत्तर. विमानानं जायची ऐपत नव्हती, आणि ऐपत असती तरी युद्धात जागा कोण देणार?

बोट एकटी चालली होती. सोबत लढाऊ जहाज नाही, ताफा नाही. याचं कारण त्या वर्षीच्या नकाशात सापडतं. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानवाहू जहाजांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले, आणि ब्रिटिश आरमाराचा पूर्वेकडचा ताफा मागे सरून मोंबासाजवळच्या किलिंदिनीला गेला. ८ नोव्हेंबरला दोस्त फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या. त्या मोहिमेला आणि अटलांटिकला रखवालीची जहाजं हवी होती. हिंदी महासागरातल्या व्यापारी बोटींच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. धोका मात्र उरलासुरला नव्हता. मुंबईहूनच निघालेली, चांदीची नाणी घेऊन जाणारी ‘सिटी ऑफ कैरो’ ही बोट ६ नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीनं बुडवली होती. ‘तिलावा’ निघाली ती त्यानंतर दोन आठवड्यांनी.

२३ नोव्हेंबरच्या पहाटे, सूर्य उगवायच्या बऱ्याच आधी, सेशेल्सच्या ईशान्येला सुमारे ९३० मैलांवर जपानी पाणबुडी आय-२९ नं पहिला टॉर्पेडो सोडला. तो लागला, पण बोट लगेच बुडाली नाही. प्रकरण म्हणून बघताना माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे, पहिल्या आणि दुसऱ्या टॉर्पेडोच्या मधल्या काळाला. अंधारात, झोपेतून उठलेली माणसं होड्यांकडे धावली. काही पाण्यात पडली. होड्या उतरवताना एकच गर्दी झाली. आणि बोट अजून तरंगत असताना दुसरा टॉर्पेडो आला. त्यानंतर ती गेलीच.

अधिकाऱ्यांकडून जी हकिगत पुढे आली तिच्यात घबराटीवर भर आहे. घबराट झालीच असणार. पण हकिगत कोण सांगतंय हे बघायची सवय मुलांना लागावी म्हणून मी इथे थांबतो. या कंपनीच्या आफ्रिकेच्या फेऱ्यांवर डेकच्या तिकिटावर जाणारा उतारूवर्ग मोठा असायचा. ट्रंका, वळकट्या, तान्ही मुलं घेऊन उघड्यावर पथारी टाकलेली ही माणसं. त्यांना साहेबाच्या इंग्रजी हुकुमातलं किती कळलं असेल? रात्री दोन स्फोटांच्या मध्ये शिस्तीनं रांग लावणारी माणसं मी तरी कुठे पाहिलेली नाहीत. पुराच्या वेळी आपल्याकडे दिवसाढवळ्या काय होतं ते वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

शिस्तीचं उदाहरण द्यायचं तर ते रेडिओच्या खोलीतलं. पहिले रेडिओ अधिकारी ई. बी. डंकन शेवटपर्यंत मदतीचे संदेश पाठवत राहिले आणि बोटीबरोबर गेले. ब्रिटिश क्रूझर ‘बर्मिंगहॅम’ २५ नोव्हेंबरला तिथे पोचली. दोन दिवस होड्यांत आणि तराफ्यांवर काढलेली माणसं तिनं उचलली आणि २७ तारखेला मुंबईला आणली. थोडी माणसं ‘कार्थेज’ या दुसऱ्या जहाजाला सापडली. एकूण ६७८ वाचली, २८० गेली.

त्या महिन्यात आपल्या भागात या बातमीकडे बघायला कुणाला उसंत नव्हती. तासगाव, वाळवा हे तेव्हा सातारा जिल्ह्यात, सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात. सप्टेंबरात तासगावच्या कचेरीवर मोर्चा निघाला होता, वडूजच्या मोर्च्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, कार्यकर्ते भूमिगत होत होते. आणि तसंही बोटींच्या ये-जा करण्याच्या बातम्या छापायला युद्धकाळात बंधनं होती.

चार तोफची

उतारू बोट न सांगता बुडवणं कायद्यात बसतं का? हा भाग परीक्षेला नाही, पण सोडवत नाही.

१९३० च्या लंडन नाविक कराराच्या २२ व्या कलमानं पाणबुड्यांना सरळ बांधून टाकलं होतं. व्यापारी बोट बुडवायची असेल तर आधी उतारू, खलाशी आणि कागदपत्रं सुरक्षित जागी हलवायची. भर समुद्रात होडीत बसवून दिलं म्हणजे सुरक्षित जागी हलवलं असं होत नाही. हवामान, जमिनीचं अंतर किंवा जवळ दुसरं जहाज असणं, हे बघायचं. अपवाद दोनच: थांबायला सांगूनही बोट सतत नकार देत असेल, किंवा झडतीला प्रतिकार करत असेल. १९३६ मध्ये हेच कलम वेगळं काढून पुन्हा मान्य करण्यात आलं. सह्या करणाऱ्यांत जपानही होता.

म्हणजे आय-२९ नं कायदा मोडला, असं मुलं एका सुरात म्हणतात. मग मी चार तोफची बाहेर काढतो. युद्धात ब्रिटननं आपल्या व्यापारी बोटींवर तोफा चढवल्या, तोफची नेमले, पाणबुडी दिसली की रेडिओवरून कळवायचे हुकूम दिले. तोफ असलेली बोट पाण्यावर आलेल्या पाणबुडीला बुडवू शकते. मग पाणबुडीनं वर येऊन ‘थांबा, उतरा’ कसं म्हणायचं? १९४६ मध्ये न्युरेंबर्गला जर्मन नौदलप्रमुख ड्योनित्सच्या निकालात हाच मुद्दा आला. सशस्त्र ब्रिटिश व्यापारी बोटींवरच्या पाणबुडी-हल्ल्यांबद्दल त्याला दोषी ठरवायला न्यायाधीश तयार झाले नाहीत. तटस्थ देशांच्या बोटी सूचना न देता बुडवणं मात्र त्यांनी कराराचा भंग मानला.

‘तिलावा’ तटस्थ नव्हती आणि निःशस्त्रही नव्हती. त्या चौघांनी ती वाचवली नाही. उलट उतारूंना मिळू शकलं असतं ते कायद्याचं कवच त्यांच्या असण्यानं पातळ झालं. डेकवर झोपलेल्या बाईला हे कुणी विचारलं नव्हतं, हा वर्गातल्या एका मुलीचा शेरा. तो मी वहीत उतरवून ठेवला आहे.

आय-२९

इथपर्यंत वर्ग जपान्यांवर चिडलेला असतो. मग मी पाणबुडीचं पुढचं वर्ष सांगतो.

तेव्हा तिचा कप्तान होता इझू जुइची. एप्रिल १९४३ च्या शेवटी मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात हीच आय-२९ एका जर्मन पाणबुडीला भेटली. यू-१८० तिचं नाव. त्या पाणबुडीतून रबरी होडीनं दोन माणसं आय-२९ वर आली: सुभाषचंद्र बोस आणि आबिद हसन. ६ मे रोजी ती त्यांना घेऊन सुमात्राजवळच्या साबांगला पोचली. नेताजींचा जर्मनीहून पूर्वेकडचा प्रवास आपण शाळेपासून ऐकतो. ज्या पाणबुडीनं तो पुरा केला तिनंच पाच महिन्यांपूर्वी मुंबईहून निघालेली आपली माणसं बुडवली होती, हे कुणी सांगत नाही.

वर्ग इथे गप्प होतो. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “पण सर, नेताजींना ठावं होतं का ते?” मी म्हणालो, त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि त्यांच्यावर काही येतही नाही. पण आपण दोन गोष्टी दोन कप्प्यांत ठेवतो, ते कप्पे समुद्रात नव्हते. सातारा-सांगलीतल्या घरांतून त्याच काळात एक मुलगा ब्रिटिश फौजेत आणि दुसरा पत्री सरकारच्या मागे, असं चित्रही दुर्मीळ नव्हतं. तेव्हा हा गुंता आपल्या घरच्यांना परका नसावा.

आय-२९ पुढे २६ जुलै १९४४ ला फ्रान्सहून परतताना लुझॉनजवळ ‘सॉफिश’ या अमेरिकन पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी बुडाली. तिच्यातला एकच माणूस वाचला.

चांदी

आता खटला. चांदी दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हाच्या सरकारनं भारत सरकारकडून विकत घेतली होती, नाणी पाडण्यासाठी. २०१७ मध्ये आर्जेंटम एक्स्प्लोरेशन या कंपनीनं ती तळातून काढली, इंग्लंडात साउदॅम्प्टनला आणली आणि बुडित मालाची नोंद घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जाहीर केली. किंमत सुमारे ४.३ कोटी डॉलर. माल आमचा नाही, मालक दक्षिण आफ्रिकाच, हे कंपनीला मान्य होतं. तिचं म्हणणं एवढंच, की आम्ही वाचवला, आमचा मोबदला द्या. दक्षिण आफ्रिका म्हणाली, आम्ही सार्वभौम राज्य आहोत, तुमच्या कोर्टात आमच्या मालावर दावा चालत नाही.

इथे मुलांना जमीन आणि समुद्र यांतला फरक सांगावा लागतो, आणि तो सांगायला आपला पूर पुरतो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. समजा एखाद्या गुदामातली हळदीची पोती तरंगत निघाली आणि चार पोरांनी गूळ करायच्या मोठ्या काहिलीत बसून ती बाहेर ओढली. पोरांना मोबदला मागता येतो का? १८७२ च्या करार कायद्याचं १६८ वं कलम सांगतं, की सापडलेला माल सांभाळायला स्वतःहून केलेल्या खर्चासाठी मालकावर दावा लावता येत नाही. मात्र खर्च मिळेपर्यंत माल अडवून ठेवता येतो, आणि मालकानं बक्षीस जाहीर केलं असेल तर तेवढ्यासाठी दावा करता येतो. ७० व्या कलमाचा आधार काही वेळा घेता येईल, पण काम फुकट करायचं मनात नव्हतं आणि समोरच्यानं त्याचा फायदा घेतला, हे दाखवावं लागेल. समुद्रावर उलट आहे. तिथे न सांगता, न ठरवता कुणी धोक्यातलं जहाज किंवा माल वाचवला, तर मोबदल्याचा हक्क आपोआप उभा राहतो. फक्त काहीतरी वाचलं पाहिजे. नुसत्या धडपडीला पैसे नाहीत. आणि हा हक्क वाचवलेल्या मालालाच चिकटतो, म्हणून दावा माणसावर न लावता थेट चांदीवर लावता आला.

आता कायद्याची गाठ. ब्रिटनच्या १९७८ च्या कायद्यानं परकीय सरकारला ब्रिटिश कोर्टात खेचता येत नाही; हीच त्या सरकारची उन्मुक्ती. १० व्या कलमात एक अपवाद आहे: सरकारी मालावर असा दावा चालेल, पण त्यासाठी माल आणि तो नेणारी बोट, दोन्ही व्यापारी कामासाठी वापरात किंवा वापरायच्या हेतूनं असले पाहिजेत. बोट व्यापारी होती, यात वाद नव्हता. प्रश्न उरला चांदीचा.

वर्गात मी इथे हात वर करायला सांगतो, आणि मतं जवळपास अर्धी अर्धी पडतात. व्यापाऱ्यांच्या घरची मुलं बहुधा कंपनीच्या बाजूनं. त्यांचं म्हणणं असं: चांदी विकत घेतली, भाडं भरून व्यापारी बोटीत घातली, मग आणखी व्यापार तो काय? खालच्या दोन्ही न्यायालयांनी साधारण हेच म्हटलं होतं. २०२० मध्ये न्यायाधीश निजेल टीअर यांनी कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, आणि २०२२ मध्ये अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक अशा मतांनी तो कायम केला.

सर्वोच्च न्यायालयानं मात्र एकमतानं तो फिरवला. त्यांचा तर्क मला आधी जरा शब्दांचा कीस पाडणारा वाटला, पण नीट वाचल्यावर पटतो. बोटीच्या पोटात पडून राहिलेला माल तिथे काही करत नसतो. वापर बोटीचा होतो. माल नुसता नेला जातो. तेव्हा चांदी ‘वापरात’ होती असं म्हणता येत नाही. मग हेतू काय होता ते बघायचं. तो होता देशाची नाणी पाडण्याचा, आणि हे सरकारचं काम आहे, दुकानदारी नव्हे. अपवाद लागू होत नाही. दक्षिण आफ्रिकेची उन्मुक्ती टिकते.

“म्हंजे कंपनीनं फुकट चांदी काढली व्हय सर?” मिरजेकडच्या एका मुलाला हे सहनच झालं नाही. अडीच किलोमीटर खोलीतून ६० टनांच्या आसपासचा माल शोधून वर आणायचा खर्च किती, आणि हाती काय, तर ‘आमच्या कोर्टात चालत नाही’? त्याचा राग मला समजतो. पण उन्मुक्ती म्हणजे हक्क संपला असं नव्हे; त्या कोर्टात तो बजावता येत नाही, एवढंच. शिवाय १९८९ च्या आंतरराष्ट्रीय सागरी बचाव करारातही सरकारच्या बिगरव्यापारी मालाला असंच संरक्षण आहे. ते कंपनीच्या वकिलांनी वाचलेलं नसेल असं मी मानत नाही. त्यांनी डाव लावला होता, आणि दोन कोर्टांत तो लागलाही होता.

याच्या शेजारी मी ‘गेरसप्पा’ ठेवतो. नाव आपल्याला लगेच कळतं, जोगच्या धबधब्याचं. बोट ‘तिलावा’च्याच ब्रिटिश इंडिया कंपनीची, कलकत्त्याहून चांदी घेऊन निघालेली, फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या पश्चिमेला जर्मन पाणबुडीनं बुडवलेली. वाचला तो एकच माणूस. त्या चांदीचा युद्धविमा ब्रिटिश सरकारनं उतरवला होता, पैसे भरून दिले होते, त्यामुळे बुडालेला माल सरकारचा झाला. ओडिसी मरीन ही अमेरिकन कंपनी आधी त्या सरकारकडे गेली. लेखी करार झाला: खर्च आणि जोखीम कंपनीची, खर्च वजा जाता मिळकतीतले ८० टक्के कंपनीचे. २०१२ आणि २०१३ मध्ये चांदी वर आली, ठरल्याप्रमाणे वाटणी झाली, कोर्टाची पायरी कुणाला चढावी लागली नाही.

बेदाण्याच्या घरची एक मुलगी यावर म्हणाली, “सौद्याआधी दर ठरवायचा असतो, सर. सौदा झाल्यावर कोण देतंय?” मी तिला पूर्ण गुण देत नाही. आधी विचारलं असतं तर दक्षिण आफ्रिकेनं दुसऱ्याच कुणाला काम दिलं असतं, किंवा साफ नाही म्हटलं असतं.  न विचारण्यातही हिशेब असू शकतो, एवढं तिनं उत्तरात लिहायला हवं होतं.

तडजोड शेवटी झालीच. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होऊन गेल्यावर, निकाल यायच्या आत, दोन्ही बाजूंनी आपसांत मिटवलं. रक्कम जाहीर नाही. न्यायालयानं तरीही निकाल दिला, कारण मुद्दा इतरांना लागणारा होता. त्यामुळे आता तळातला सरकारी माल काढून इंग्लंडात आणणाऱ्याला आधी त्या सरकारचा हेतू काय होता याचे जुने कागद धुंडाळावे लागतील. ‘तिलावा’त गेलेल्यांच्या घरच्यांचा या खटल्यात पक्षकार म्हणून कुठेच संबंध आला नाही. त्यांच्यासाठीचा पहिला मोठा स्मृतिकार्यक्रम मुंबईत झाला तो २३ नोव्हेंबर २०२२ ला, ऐंशी वर्षांनी. चांदी तेव्हा साउदॅम्प्टनलाच होती.